हाताने सुरू केली की चालायची

माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली. मी त्याच्या मशीनला हात लावला नाही, शेठकडे चुगली केली नाही. मला एक गोष्ट माहीत होती, ती त्याला सांगितली नाही. आणि शेवटच्या दिवशी एक गोष्ट मुद्दाम उलटी सांगितली. घरात हे कोणालाच ठाऊक नाही. बायकोला अजून वाटतं की माझी खुर्ची मला माझ्या हुशारीमुळे परत मिळाली.

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी, आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या बाहेर, नागपूर रस्त्याला लागून आहे. दसऱ्यापासून आजूबाजूच्या गावांतला कापूस यायला लागतो. गाडी फाटकात आली की तिथल्या कॉम्प्युटरमधून टोकन निघतं, टोकन दाखवलं की गाडी वजनकाट्यावर चढते, मग कापूस ढिगावर खाली होतो. फाटकावरचा, काट्यावरचा आणि ऑफिसमधला, असे तिन्ही कॉम्प्युटर मागच्या खोलीतल्या सर्व्हरला जोडलेले आहेत. रोज सकाळी सर्व्हरमधली एक सर्व्हिस त्या तिघांना आपापला पत्ता वाटते. पत्ता मिळाला की ते एकमेकांशी बोलू लागतात. नाही मिळाला तर फाटकावरचा कॉम्प्युटर चालू असूनही मुका राहतो. टोकन नाही, म्हणून काटा नाही, आणि मग गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते.

ती खोली अकरा वर्षं माझ्याकडे होती. मी मोठा शिकलेला नाही. आदिलाबादला एक कोर्स केला होता, बाकी सगळं हाताने करता करता आलं. आमच्याकडे एक रिवाज आहे. बरीच वर्षं झाली, एकदा वायर जळून रुईच्या गाठींना आग लागली होती. तेव्हापासून शेठने संध्याकाळी काम संपलं की सगळ्या जिनिंगचं मेन पाडायचं ठरवून टाकलं. कापसाच्या जागी हे बरोबरच आहे. त्यामुळे आमचा सर्व्हर रोज संध्याकाळी बंद व्हायचा आणि रोज सकाळी नव्याने उठायचा.

सकाळी पावणेसातला मी मेन चढवायचो. भिंतीवर सगळ्या वायरी येऊन जिथे जोडतात त्या नेटच्या डबीचे दिवे लुकलुकायला लागायचे. मग मी सर्व्हरवर बसलेला कापसाचा बुरा फडक्याने पुसायचो, कुंकवाचं बोट लावायचो, अगरबत्ती ओवाळायचो, हात जोडायचो आणि शेवटी सर्व्हरचं बटण दाबायचो. फार श्रद्धा होती असं म्हटलं तर खोटं होईल. वडील कापसाच्या काट्याला असंच करायचे, ते पाहून लागलेली सवय होती. पण अकरा वर्षांत एकाही सकाळी टोकन अडलं नाही, आणि त्याचा मला आतून अभिमान होता.

मागच्या हंगामाच्या तोंडावर शेठने नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याच्यासोबत एक माणूस ठेवला. घाटाखालच्या निर्मल गावचा. हैदराबादला शिकून, नोकरी करून परत आलेला. वय माझ्याएवढंच, पंचेचाळीसच्या आसपास, पण केस काळे केलेले. पहिल्याच दिवशी खोलीत आला, अगरबत्तीचा स्टँड उचलला, सर्व्हरवरचं कुंकू ओल्या कापडाने पुसलं आणि मला म्हणाला, "काका, मशीनले देव लागत नाई. मशीनले डोकं लागते."

दारात हमाल उभे होते. ढिगावर काम करणाऱ्या बायाही होत्या. माझ्याच वयाच्या माणसाने मला काका म्हटलं म्हणून त्या हसल्या.

त्याने शेठला सर्व्हरमधली एक सेटिंग दाखवली. करंट आला की सर्व्हर आपोआप उठेल, बटण दाबायला कोणी लागणार नाही. "अकरा वर्षं हे फक्त बटण दाबून राह्यले होते, शेठ. आता माणसाची गरज नाही." शेठने खुशीत मान हलवली. मला फाटकावर बसवलं. निघालेलं टोकन फाडायचं आणि गाडीवाल्याच्या हातात द्यायचं, एवढं माझं काम. आठवड्याभरात माझं नाव अगरबत्तीकाका पडलं. हाजिरीच्या वहीवर सही करतानासुद्धा मागून कोणीतरी नाक वर करून हुंगल्यासारखं करायचं.

खुर्ची गेली त्याचा मला राग होता, पण तो गिळता आला असता. ती हुंगण्याची नक्कल मात्र मला जेवताना आठवायची. मी मनात ठरवलं होतं, हा माणूस इथून जाईल तेव्हा मान खाली घालून जाईल.

आणि सेटिंग बदलल्याच्या दुसऱ्याच सकाळी टोकन निघालं नाही.

वॉचमनने मेन चढवलं, सर्व्हर आपोआप उठला, पण पत्ते वाटणारी सर्व्हिस सुरूच झाली नाही. निर्मलहून तो नऊच्या बसने आला, आत जाऊन त्याने ती हाताने सुरू केली आणि मिनिटात सगळं चालू झालं. संध्याकाळी त्याने सर्व्हर तीन वेळा रिस्टार्ट करून पाहिला. तिन्ही वेळा सर्व्हिस स्वतःहून सुरू झाली. "झालं," म्हणाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद.

मग हे रोजचंच झालं. त्याने केबल बदलली. सर्व्हरमधलं नेटचं कार्ड काढून पुसून बसवलं. सर्व्हिस पूर्ण काढून नव्याने टाकली. रोज संध्याकाळी रिस्टार्ट करून खात्री केली की चालते आणि रोज सकाळी ती पडलेली असायची. हाताने सुरू केली की चालायची. आपोआप मात्र नाही.

फाटकावर बसून मी रांग मोजायचो. खरं सांगतो, प्रत्येक गाडीगणिक मला बरं वाटायचं. दहा ट्रॅक्टर झाले की मी चहा मागवायचो आणि बशीत ओतून सावकाश प्यायचो.

"काऊन बे, आज बी मशीन झोपलंच हाय का?" एक गाडीवाला विचारायचा.

"झोपलं नाई, रुसलं हाय," दुसरा म्हणायचा. "नव्या नवऱ्याचं तोंड पाह्यत नाई."

"मंग जुन्याले बोलवा ना. फाटकावर बसून चहा पिऊन राह्यला."

मी हसायचो नाही. फक्त टोकनाच्या मशीनवर टिचकी मारायचो आणि म्हणायचो, "आमी काय, आमी बटण दाबनारे."

एके दिवशी तो नवीन कार्ड आणायला आदिलाबादला गेला होता. सकाळी पुन्हा तेच झालं. शेठने मला बोलावलं. "अरे, तू देख ना जरा. गाडियाँ रोड पे खडी हैं."

दोन आठवड्यांनी मी त्या खोलीत शिरलो. सर्व्हर काय काय करतो त्याची नोंद तो स्वतःच ठेवतो, ती उघडली. सर्व्हिस पडली त्या जागी लिहिलं होतं की तिला दिलेला पत्ता सापडला नाही. त्यानेही हे वाचलं असणार. पण तो यायचा तेव्हा पत्ता डोळ्यांसमोर हजर असायचा, म्हणून त्याने दोष कार्डावर ढकलला होता. मी वेळा पाहिल्या. सर्व्हिस पडली ती एका वेळेला, आणि केबलमध्ये जीव आला तो त्यानंतर दीड मिनिटाने.

मी भिंतीवरच्या डबीकडे पाहिलं आणि सगळं लक्षात आलं. डबी जुनी आहे. करंट आल्यावर तिला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. मी अकरा वर्षं तेवढा वेळ पुसणं, कुंकू, अगरबत्ती यात घालवत होतो आणि मग बटण दाबत होतो. आता सर्व्हर आणि डबी एकदमच उठत होते. सर्व्हिस आधी पोचायची, नेट सापडायचं नाही, ती पडायची, आणि पुन्हा उठायचं तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. संध्याकाळी तो नुसता सर्व्हर रिस्टार्ट करायचा, तेव्हा डबी आधीच जागी असायची. म्हणून संध्याकाळी चालायचं. नेट आल्यावरच सुरू हो, एवढी एक ओळ लिहिली की संपलं.

त्या क्षणी मला आनंद झाला नाही, लाज वाटली. तो म्हणाला होता ते निम्मं खरं होतं. अकरा वर्षं माझी खोली का चालते हे मलाच माहीत नव्हतं. आणि तो खरं बोलला होता म्हणून माझा राग आणखी भडकला.

मी ती ओळ लिहिली नाही. वॉचमनला फडकं आणायला सांगितलं, देवळीतली जुनी अगरबत्ती काढली, शेठच्या समोर सर्व्हरला ओवाळलं आणि मग पाठमोरा वाकून सर्व्हिस हाताने सुरू केली. फाटकावर टोकन खर्रकन निघालं. शेठने चप्पल काढली आणि हात जोडले.

दुपारपर्यंत सगळ्या जिनिंगमध्ये पसरलं की मशीनचं कुंकू पुसलं म्हणून मशीन कोपलं आहे. मी हे कुठे बोललो नाही. कोणी विचारलं की, "असं असते का हो काका?" तर मी वर पाहायचो आणि गप्प बसायचो. तेवढं पुरेसं होतं.

दिवाळी झाली की आवक एकदम वाढते. शेठने आवारात सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तू बोला था, आदमी की जरूरत नहीं. तो सोमवार को सात बजे टोकन अपने आप निकलना चाहिए. नहीं निकला, तो बैग उठाना और निर्मल जाना."

"निघन, शेठ," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता.

"और सुन. पहले मशीन की पूजा कर. नारियल के साथ. तेरे हाथ से."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टोकनाचा कागद नीट करत होतो.

त्या आठवड्यात त्याने इचोड्यात खोली घेतली. सकाळी सातला हजर राहता यावं म्हणून बायकोला आणि मुलीला निर्मलहून घेऊन आला. मुलीचं नाव अर्ध्या वर्षात इथल्या शाळेत घातलं. हे मला माहीत होतं, कारण दाखल्याची झेरॉक्स त्याने माझ्यासमोरच ऑफिसात काढली. नोकरी जाईल म्हणजे काय जाईल हे मला त्या कागदावरून दिसत होतं. तरी मी गप्प राहिलो.

शनिवारी दुपारी तो फाटकावर आला. माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "दादा."

पहिल्यांदाच.

"दादा, तुमाले काही दिसलं ना त्या दिवशी? मी नव्हतो तवा?"

"काय दिसनार?"

"काय बी. नोंदीत, वायरीत. माह्यं डोकं चालून नाई राह्यलं. संध्याकाळी चालते, सकाळी पडते. मले सांगा ना. तुमचं नाव मीच शेठले सांगीन."

मला त्याचे रंगवलेले केस दिसत होते, कानामागे पांढरी मुळं बाहेर आलेली. मी सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. पण आवारात कापूस ढकलणाऱ्या बायांकडे माझं लक्ष गेलं आणि पहिल्या दिवसाचं त्यांचं हसणं कानात आलं.

"मशीनले डोकं लागते, साहेब," मी म्हणालो. "आपल्याले कुठं हाय?"

तो उठून गेला. जाताना मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आता बरोबर झालं. पण माझं मन तेवढ्यावर भरलं नव्हतं.

सोमवारी साडेसहालाच आवार भरलं. गाडीवाले, हमाल, बाया, सगळे खोलीच्या दारात. तो आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला होता. हातात नारळ, हळदीकुंकवाची पुडी. पूजा कशी करायची हे त्याने शेठला विचारलं. शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. "इसको पूछ. ये जानता है."

इथे मी जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

सर्व्हरची पिन काढून आधी मेन चढव, डबी जागी होईपर्यंत पूजा कर, मग पिन लावून सर्व्हरला करंट दे, असं मी म्हणालो असतो तर टोकन निघालं असतं. त्याची नोकरी राहिली असती. त्याला कारण कधी कळलंही नसतं. मी म्हणालो, "आधी पूजा पूर्ण करायची. मशीन अंधारात असताना. नारळ फुटला की मगच मेन."

"सगळं एकदम?" त्याने विचारलं.

"एकदम."

त्याने तसंच केलं. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, कोणीतरी खुदकन हसलं, दुसऱ्यात फुटला. पाणी त्याच्या शर्टावर उडालं. त्याने हात जोडले, डोळे मिटले, आणि मला दिसलं की तो खरंच मागत होता. हैदराबादला शिकलेला, मशीनला देव लागत नाही म्हणणारा माणूस माझ्यासमोर डोळे मिटून मागत होता. मला त्या क्षणी जे सुख झालं तसं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण ते सुख खोटं नव्हतं.

वॉचमनने मेन चढवलं. सर्व्हर उठला. डबीचे दिवे लागले. सगळे फाटकाकडे धावले. सात वाजले, पाच मिनिटं गेली. टोकन निघालं नाही.

"देवानं बी नाई म्हटलं, बावा," एक गाडीवाला म्हणाला, आणि हशा पिकला.

त्याने सर्व्हिस हाताने सुरू करायला आत जायचा प्रयत्न केला. शेठने दारातच हात आडवा धरला. "रहने दे." मग मला म्हणाला, "तू जा अंदर."

तो मान खाली घालून गेला. मी ठरवलं होतं तसंच.

दोन दिवसांनी मी त्याला इचोड्याच्या बसस्टँडवर पाहिलं. बायको, मुलगी, दोन गाठोडी आणि पोत्यात बांधलेली शेगडी. मुलीच्या अंगावर इथल्या शाळेचा नवा गणवेश होता. पुन्हा वापरायचा नाही म्हणून प्रवासात घातला असेल. मी पानठेल्यामागे उभा राहिलो आणि त्यांची बस निघाल्यावरच बाहेर आलो.

त्या आधीच मी ती ओळ लिहून टाकली होती. मंगळवारपासून सर्व्हर आपोआप उठतो, नेटची वाट पाहतो, मग सर्व्हिस सुरू होते. शेठला वाटतं ही माझ्या हाताची पुण्याई. मला आता सगळे साहेब म्हणतात. हुंगण्याची नक्कल कोणी करत नाही.

पण जेवण गोड लागेना. उन्हाळ्यात एकदा बासरला देवीच्या दर्शनाला जाताना मी निर्मलला उतरलो. विचारत विचारत त्याचं दुकान शोधलं. प्रिंटर आणि कॅमेरे दुरुस्तीचं, एका शटरचं. केस रंगवणं सोडलं होतं. मला पाहून त्याने स्टूल पुढे केलं.

मी सगळं सांगितलं. डबी, दीड मिनिट, नारळ, आधी पूजा मग मेन. माझी अशी समजूत होती की तो ओरडेल, शिव्या देईल, कदाचित हात उचलेल, आणि मग माझं ओझं उतरेल.

तो स्क्रू पिळत राहिला. "मले मालूम हाय," म्हणाला.

"कवापासून?"

"बसमध्येच समजलं. घाट उतरून राह्यलो होतो. बस बंद पडली, ड्रायव्हरनं पुन्हा चालू केली, तवा डोक्यात आलं की रिस्टार्ट येगळं आन् बंद करून चालू करनं येगळं." तो थोडा हसला. "पोरगी बाजूले होती. तिले म्हटलं, बापाले आता समजलं पाह्य. ते म्हणे काय समजलं? म्हटलं काही नाई, झोप."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्याने स्क्रू डबीत टाकला आणि विचारलं, "मंग काय लिवलं तुमी?"

"नेट आल्यावर सुरू हो, म्हणून."

"आन् नेट आलंच नाई तर?"

मला समजलं नाही.

"ते वाट पाह्यते, पन किती वेळ? दोन मिनिटं. डबी जुनी हाय. एखाद्या दिवशी तिले तीन मिनिटं लागले तर? वाट पाहून पाहून सर्व्हिस पुन्हा पडन. पडली तर परत उठ, हे नाई लिवलं?" त्याने कागदाच्या कोपऱ्यावर ती ओळ लिहिली आणि माझ्या हातात दिली. "हे टाका. अर्धंच काम केलं तुमी, काका."

काका.

मी कागद खिशात घातला आणि बाहेर आलो. बासरला गेलो, दर्शन घेतलं, पण रांगेत उभा असताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी त्याच्या दारात क्षमा मागायला गेलो होतो, आणि तो मला माझंच काम शिकवून मोकळा झाला. जुना राग जसाच्या तसा वर आला. मला वाटलं होतं तो राग मेला असेल.

घरी आल्यावर मी तपासलं. त्याचं बरोबर होतं.

मागच्या आठवड्यात थंडी पडली, आणि एका सकाळी डबीला खरंच उशीर झाला. सर्व्हिस पडली. मी आत होतो म्हणून लगेच हाताने सुरू केली. तोवर फाटकावर तीन ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी थांबली होती. गाडीवर एक म्हातारी शाल पांघरून बसली होती, ती पहाटेपासून निघालेली होती. वॉचमनने तेलुगूत विचारलं, "एमैंदी सार?" काय झालं म्हणून.

"करंट कमी होता," मी म्हणालो.

कागद माझ्या पाकिटात आहे. ओळ लिहायला अर्धं मिनिट लागत नाही. आज सकाळीही मी सर्व्हर उघडला, ती फाइल उघडली, कर्सर त्या जागी नेला, आणि फाइल तशीच बंद करून टोकन मोजायला फाटकावर गेलो.